पिवळी प्लेट

आमच्या लॅबमध्ये बेसिन एकच आहे. भाविका तरे तिथे हात धुवायला उभी राहिली की मागे रांग लागते. साबण कोपरापर्यंत, मग बोटांच्या बेचक्या, मग नखांच्या कडा, आणि शेवटी नळ कोपरानं बंद. "बाई, कुणाचं पोट फाडायचंय का आज?" असं मी मागून ओरडते. ती हसत नाही. आधी हसायची. आधी तर बोटं ओली करून एप्रनला पुसली की तिचं काम झालेलं असायचं. हे धुण्याचं खूळ गेल्या ऑक्टोबरपासूनचं आहे. तेव्हा काय झालं ते मला नीट ठाऊक आहे, कारण त्यातलं अर्धं माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि माझाही त्याला हातभार लागला.

मी दिशा. भिवंडीच्या कॉलेजात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, तिसरं वर्ष. भाविका माझी प्रॅक्टिकलची जोडीदार, रोल नंबर मागेपुढे म्हणून. एरवी आमचं जमायचं काही कारण नव्हतं. मी अंबाडीच्या पुढे आतल्या गावातली, बाबा मागाच्या सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमध्ये ड्युटीला. ती गोडाऊनांच्या पट्ट्यातल्या वळ गावची. त्यांच्या शेतात आता भाताऐवजी गोडाऊनं उभी आहेत आणि घर भाड्यावर चालतं. पोरगी स्कूटीवरून येते, गळ्यात चेन असते, पण स्वभावानं अशी भित्री की बर्नर पेटवताना दोन पावलं मागे आणि तोंडी परीक्षेत स्वतःचं नाव सांगताना अडखळणार. तिच्या स्लाइड मात्र वर्गात सगळ्यांत सुबक. भीतीमुळे माणूस काळजीपूर्वक होतं, असं आमच्या मॅडम तिच्याबद्दल म्हणायच्या. मी म्हणायचे, भीतीमुळे माणूस खोटंही बोलतं. पुढे दोघींचंही खरं निघालं.

घरी तिला सगळे 'डॉक्टरीण' म्हणतात. मायक्रोबायोलॉजी म्हणजे काय ते तिथे कुणालाच ठाऊक नाही, पण जंतूंचं शिकते म्हणजे अर्धी डॉक्टर झालीच, असा हिशेब. कुणाला ताप आला की गोळी कुठली ते भाविकाला विचारतात. ती बिचारी दरवेळी सांगते की मला गोळ्यांचं काही कळत नाही, आणि दरवेळी त्यांना ते विनयानं बोलल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या वर्षाला आम्हांला एक प्रॅक्टिकल होतं. ज्यानं त्यानं स्वतःच्या नाकात कापसाची निर्जंतुक काडी फिरवायची आणि ती प्लेटमधल्या लालसर माध्यमावर ओढायची. त्या माध्यमात मीठ इतकं असतं की बहुतेक जंतू तिथे तगत नाहीत. तगणाऱ्यांतला एक म्हणजे स्टॅफ ऑरियस, आणि तो आजूबाजूचा लाल रंग पिवळा करून टाकतो. दुसऱ्या दिवशी इनक्युबेटर उघडला तर वीस जणांत पाच प्लेटा पिवळ्या, आणि सगळ्यांत पिवळी भाविकाची. कडेपासून कडेपर्यंत हळद सांडल्यासारखी.

"घाबरायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "चार माणसांत एखाद्याच्या नाकात हा असतोच. आजार नव्हे हा, नुसतं बिऱ्हाड केलंय त्यानं."

"वळच्या लोकांना काय, जागा दिसली की दिलीच भाड्यानं," मी म्हणाले. अख्खी बॅच हसली, तीही हसली. पण सुटताना तिनं मला पार्किंगमध्ये गाठलं.

"घरी आलीस तर बोलू नकोस हां प्लेटचं."

"का गं?"

"आईला बिऱ्हाड-बिऱ्हाड कळणार नाही. ती म्हणेल पोरीच्या नाकात रोग हाय. आता स्थळं यायला लागलीत माझी."

मी बरं म्हटलं आणि विसरून गेले.

ऑक्टोबरात तिच्या वहिनीचं, रुचिकाचं, ओटीभरण ठरलं. आठवा महिना होता. रुचिकाला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. तरेंच्या घरात एक रीत आहे. त्या दिवशी तांदळाच्या शेवयांवर गुळाचा नारळरस घालून पहिलं ताट गरोदर सुनेला वाढायचं, आणि तो रस नणंदेनंच हातानं पिळायचा. मिक्सर चालत नाही, मोलाची बाई चालत नाही. नणंदेच्या हातचा रस पोटात गेला की बाळ आत्याला धरून राहतं, असं भाविकाची काकू हौसा सांगते.

शेवया करायला आणि नारळ खवायला मात्र माणूस हवं होतं. मी आमच्या गावच्या गुणाबाईचं नाव सुचवलं. आमच्या दोन घरं पलीकडे राहते, मी तिला मावशी म्हणते. नवरा गेल्यापासून गुणामावशी लोकांच्या कार्यांना स्वयंपाक करते, आणि दापोड्याला एका मेसमध्ये ट्रक ड्रायव्हरांसाठी रोज भाकऱ्या थापायची. हात असा की तांदळाची भाकरी पापडासारखी पातळ, आणि कुठे भेग नाही. स्वच्छतेची एवढी कडक की खवणीच्या पात्यावर कढत पाणी ओतल्याशिवाय ती कामाला बसत नाही.

त्या दिवशी मी सकाळीच वळला गेले. गुणामावशी नारळ खवत होती, भाविका परातीसमोर बसून पिळत होती. पंचवीस नारळ. तिला सर्दी झाली होती, दोन्ही हात खोबऱ्यात, म्हणून सारखं मनगटानं नाक पुसणं चाललेलं. आठवड्यापूर्वी लॅबमध्ये काचेची कव्हरस्लिप फुटून तिचं बोट कापलं होतं. त्यावरची पट्टी रसात पडली तर घाण दिसेल म्हणून तिनं ती काढून ठेवली होती, आणि जखमेच्या तोंडाशी पिवळं टिंब होतं. मी ते पाहिलं. आम्ही दोघी मायक्रोबायोलॉजीच्या. अन्नविषबाधेचा धडा आम्हांला झोपेत विचारला तरी पाठ. पण घरात शिरताना ते सगळं आम्ही चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतो. मी शेजारी बसून वेलची कुटत होते आणि वर म्हणत होते, "जोर लाव की नणंदबाई, वहिनीवर प्रेम नाही काय?"

जेवणं बारा-एकला व्हायची होती. पण शेजारच्या कोन आणि दापोडे गावांहून येणाऱ्या बायका कंटेनरांच्या रांगेत अडकल्या. वळच्या रस्त्याला हे नवीन नाही. एकेक करत त्या पोचल्या, ओटी भरली, फोटो झाले, आणि पानं वाढली तेव्हा चार वाजून गेले होते. रसाचं पिंप फ्रिजमध्ये मावत नव्हतं. ते सहा तास माजघरात, ऑक्टोबरच्या उकाड्यात, झाकून ठेवलेलं होतं. रस गोड झाला होता. मी दोन वाट्या घेतल्या. रुचिकाला सगळ्यांनी आग्रह करून तीन वाट्या पाजल्या.

सातच्या सुमाराला पहिली उलटी झाली ती रुचिकाला. मग तिच्या मावसबहिणीला, मग शेजारणीला. आठ वाजेपर्यंत चाळीसातल्या सव्वीस बायका पोट धरून बसल्या होत्या. मला घरी जाताना रिक्षातच झालं. भाविकालाही दोनदा झाली. नाक्यावरच्या दवाखान्यात खाटा संपल्या, बाकांवर झोपवून सलाईनं लावली. रुचिकाला मात्र भिवंडीला मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि दोन दिवस ठेवून घेतलं. बाळाचे ठोके दर तासाला बघत होते. तिचा नवरा, भाविकाचा भाऊ भावेश, एरवी गोडाऊनच्या मॅनेजरांना दम भरणारा माणूस, हॉस्पिटलच्या पायरीवर बसून रडत होता, असं भाविकानं मला फोनवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या उठून बसल्या. रुचिकाही सावरली, बाळही ठीक होतं. मग दोष कुणाचा ते सुरू झालं. हौसाकाकूला साखरेचा आजार, त्यामुळे तिनं रस घेतलाच नव्हता आणि तिच्या अंगात बोलायची ताकद शाबूत होती.

"ती बाय कुटली, कुटला पानी पिते, कोनी बघलाय?" ती ओसरीवर बसून येईल त्याला सांगत होती. "नारल तिनाच खवला. आपल्या घरात आजवर असा कधी झाला न्हाय. तिच्याच हाताचा हाय सगला."

नारळ पिळला कुणी, हे कुणाच्या मनातही आलं नाही. नणंदेचा हात म्हणजे घरचा हात.

वळची गोष्ट कोनला जायला वेळ लागत नाही, आता तर सगळ्यांकडे ग्रुप आहेत. चार दिवसांत दापोड्याच्या मेसवाल्यानं गुणामावशीला 'काही दिवस येऊ नका' म्हणून सांगितलं. कोनच्या एका लग्नाचं काम ठरलेलं होतं, त्यांनी फोनच उचलला नाही. गावात मी नळावर भेटले तर ती हात पुढे करून उभी राहिली, तळवे वर.

"दिशा, तू शिकलेली हाय. मना खरा सांग. माज्या हातानं झाला का गो?"

"नाही मावशी."

"तुला काय ठाव? मना रात नि दिस तेच वाटतंय. त्या पोरीच्या पोटातल्या जिवाला काय झाला असता तं?"

मला काय ठाव, हा प्रश्न बरोबर होता. पण तिचे ते तळवे बघत असताना माझ्या डोळ्यांपुढे एक प्लेट आली, कडेपासून कडेपर्यंत पिवळी.

सोमवारी भाविका लॅबमध्ये आली ती बॅगेतून बर्फात ठेवलेला छोटा डबा काढत. "थोडा रस राहिला होता. बाबांसाठी फ्रिजमध्ये काढून ठेवलेला," ती म्हणाली. मग बोट दाखवलं. सूज होती अजून. "दिशा, तुझ्या मनात आहे तेच माझ्या मनात आहे. लावून बघू."

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या, मग म्हणाल्या, लावा, पण माझ्यासमोर. जर्नलच्या मागच्या पानावर आम्ही बायकांची यादी केली, कुणी काय खाल्लं त्याची. रस घेतलेल्यांतल्या बहुतेक आजारी, रस न घेतलेली एकही नाही. म्हणजे रसच. पण रसात कुणाचं? भाविकाच्या नाकाची काडी घेतली, बोटाची घेतली. गुणामावशीचीही घ्यायला हवी होती, नाहीतर तपासणीला अर्थ नव्हता.

स्कूटीवरून आम्ही दोघी गावी गेलो. काडी बघून गुणामावशी दचकली. "ही कांडी पोलिसांकडं जानार हाय काय?" मी नाही म्हटलं. ती उठून हात धुवायला निघाली, तर मी अडवलं, धुवायचे नाहीत म्हणून. तिला ते लागलं. "पाव्हनी आली हाय नि न धुता हात पुढं करू? माजी एवढीबी लाज ठेवू नका." तरी तिनं हात दिला, नाकही दिलं, डोळे मिटून. भाविकानं काडी माझ्याकडे दिली, शेवटी ती मीच फिरवली. निघताना मावशीनं भाविकाला विचारलं, "तुजी वैनी बरी हाय ना गो?" भाविकानं मान हलवली.

प्लेटा लावल्यावर चोवीस तास करण्यासारखं काही नसतं. हे चोवीस तास ज्यानं काढलेत त्यालाच कळतात. त्या संध्याकाळी तिनं मला पाच वेळा फोन केला. लाइट गेली तर? इनक्युबेटर बंद पडला तर? पट्टी मी काढली ते आईनं बघितलं असेल का? सकाळी शिपायानं कुलूप उघडायच्या आधी ती दारात उभी होती, डोळे सुजलेले. पुढे एकदा तिनंच मला सांगितलं की त्या रात्री तिनं देवापुढे हात जोडून गुणाबाईची प्लेट पिवळी येऊ दे असं मागितलं होतं. त्याबद्दल मी तिला अजून पूर्ण माफ केलेलं नाही, पण तिनं ते सांगितलं हेही विसरलेले नाही.

रस पिवळा. भाविकाचं नाक पिवळं. बोट पिवळं. गुणामावशीच्या दोन्ही प्लेटा लालच, वर चार-दोन निरुपद्रवी पांढरे ठिपके. तरी पुढची चाचणी केली, रक्तातला प्लाझ्मा गोठतो का बघायची; गोठला तर तो ऑरियसच. तिन्ही नळ्या गोठल्या, वाकड्या केल्या तरी आतलं हलेना.

मॅडमनी सगळं दोनदा पाहिलं. "संशय बळकट आहे," त्या म्हणाल्या. "पण सिद्ध झालं असं लिहू नका. दोन्हीकडचा जंतू एकाच कुळातला आहे का, हे बघायची सोय आपल्याकडे नाही. पानं वाढणाऱ्या बायकांच्या काड्या तुम्ही घेतलेल्या नाहीत. विज्ञानात एवढ्यावरून बोट दाखवता येत नाही."

भाविकानं सोडलेला श्वास मला ऐकू आला. जिन्यात ती म्हणाली, "म्हणजे सिद्ध नाही होत."

माझं डोकं सणकलं. "आणि गुणामावशीवर काय सिद्ध झालं होतं गं? तिच्यासाठी कुणी प्लेट लावली होती? तिची भाकरी बंद करताना कुणी म्हणालं का, थांबा, विज्ञानात असं बोट दाखवता येत नाही?"

"तू ओरडू नकोस."

"ओरडणार. तिला कामाला मी पाठवलं होतं तुमच्याकडे."

ती जिन्यातच बसली. काल्हेरच्या एका स्थळाशी बोलणं पुढे गेलं होतं, दिवाळीनंतर बघायला येणार होते. तरी घरी सांगून बघते, असं ती म्हणाली, आणि त्या रात्री आईला सांगितलंही. आई भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला, दार लावलं आणि म्हणाली, "यातला एक शब्द या घराबाहेर गेला तं बघ. नाकात रोग असलेली पोर कोन करील? ती बाय कामाची हाय, तिला दुसरी चार घरं मिलतील. तुला दुसरा नाक मिलनार हाय काय?" भाविकानं समजवायचा प्रयत्न केला की हा रोग नाही, मलमानं जातो, चारातल्या एकाला असतो. आई म्हणाली, मग त्या बाकीच्यांना सांगू दे आधी.

मी भाविकाशी बोलणं टाकलं. एकाच टेबलावर, एकाच बर्नरवर, दीड महिना आम्ही मुक्यानं प्रॅक्टिकल केली. फक्त "लूप दे" आणि "स्लाइड झाली". तिनं भिवंडीतल्या एका डॉक्टरकडून नाकात लावायचं मलम आणलं, ते बाथरूममध्ये लपून लावायची. हात धुवायला लागली ती तेव्हापासून. वाळली. नोव्हेंबरात तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तिला साधा प्रश्न विचारला, "अन्नविषबाधेचं एखादं उदाहरण सांगा पाहू." धडा पाठ असलेली पोरगी तोंड उघडून उभी राहिली आणि रडायला लागली. सर गांगरले, पाणी मागवलं. पोरीचा अभ्यास झालेला नसावा, असं त्यांनी मॅडमना सांगितलं.

गुणामावशी तोवर दापोड्याच्या एका गोडाऊनात खोक्यांना चिकटपट्टी लावायला जाऊ लागली होती, बारा तासांची शिफ्ट. स्वयंपाकाला तिला कुणी बोलवत नव्हतं. घरी परत आली की उंबऱ्यावर बसून राहायची. आमच्याकडे भाजी दिली तर आई घ्यायची, पण मावशी देताना दरवेळी म्हणायची, "धुतलेली हाय गो."

डिसेंबरात रुचिकाला मुलगा झाला. चांगला दणदणीत. बाराव्या दिवशी बारसं. आदल्या संध्याकाळी माझ्या फोनवर भाविकाचं नाव आलं. मी उचलणार नव्हते, उचलला.

"उद्या ये. मी सगळ्यांसमोर सांगणार आहे."

माझा राग होता तो एकदम घाबरण्यात बदलला. आत्या तीच. बाळाच्या कानात नाव तिनंच सांगायचं. "अगं, बारसं होऊ दे," मी म्हणाले. "नाव ठेवून झालं की सांग. आणि मलम लावून झालंय ना तुझं?"

"झालंय. मॅडमनी परत काडी घेतली, प्लेट लाल आली. आता माझ्या नाकात काही नाही."

"मग?"

"मला तोंड बाळाच्या कानाशी न्यायचंय, दिशा. त्यांना काही ठाऊक नसताना कसं नेऊ?"



पाळणा हॉलमध्ये सजवला होता. त्याच बायका, कोनच्या, दापोड्याच्या, वळच्या. तीच हौसाकाकू पुढे खुर्ची टाकून. बाळाला रुचिकाच्या मांडीवर दिलं होतं. "आत्या कुठाय, आत्याला बोलवा" झालं. भाविका पाळण्यापाशी आली आणि वाकायच्या ऐवजी बायकांकडे तोंड करून उभी राहिली. आवाज इतका बारीक की आधी कुणाला कळलंच नाही ती बोलतेय ते.

"ओटीभरणाला उलट्या झाल्या त्या रसामुळे. रस मी पिळला होता. माझ्या बोटाला पू होता, आणि माझ्या नाकात तेव्हा जंतू होते. कॉलेजात तपासलं. रसात तेच सापडले. गुणाबाईच्या हातावर काही नव्हतं. शंभर टक्के सिद्ध नाही झालं, पण माझ्यामुळेच झालं असं मला वाटतं. गुणाबाईंचा दोष नव्हता. आता माझ्या नाकात काही नाही, औषध घेतलंय. एवढंच."

काल्हेरहून आलेली एक बाई, स्थळवाल्यांच्या नात्यातली, शेजारणीला काहीतरी म्हणाली. भाविकाची आई स्वयंपाकघराच्या दारात होती, तिनं पदर तोंडाला लावला. "अगो, हिला आवरा कोनीतरी," हौसाकाकू म्हणाली. "शिकून शिकून येडी झाली पोर."

भाविका रुचिकाकडे बघत होती. रुचिका वाईट नाही. पण ती पोटावर हात ठेवून दोन दिवस ठोके मोजत पडली होती. तिनं बाळाला छातीशी ओढून घेतलं. "ताई," ती म्हणाली, "आज नको."

भाविका बाजूला झाली. भावेशच्या चुलतबहिणीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, सार्थक. बायकांनी टाळ्या वाजवल्या. भाविकानंही वाजवल्या, भिंतीला टेकून. मग पेढ्यांचं ताट उचलायला ती पुढे झाली, तर आईनं ते तिच्या हातातून घेतलं.

मी तशीच निघून गावी आले. दिवस मावळत होता. गुणामावशी शिफ्टवरून नुकतीच आली होती, पाय धूत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल, ती हात जोडेल, हौसाकाकूला दोन शिव्या घालेल.

"सगल्यांच्या देखत बोलली?" तिनं विचारलं.

"सगळ्यांच्या."

"माजा नाव घेऊन?"

"दोनदा."

ती खाली बसली. थोडा वेळ तळवे मांडीवर पालथे ठेवून बसली आणि रडली, आवाज न करता. मी पाणी आणून दिलं. ते प्यायली आणि मग म्हणाली, "मंग कानात नाव कोनी सांगितला?"

मी सांगितलं.

"आत्या असून?" ती उठूनच उभी राहिली. "पयलं पोर भावाचं, नि आत्याला शिवू दिला न्हाय? अगो माजे बाय!" मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "फोन लाव तिला."

मी लावला. भाविकानं उचलला, पण हॅलो म्हणाली नाही. मावशीनं फोन माझ्या हातातून घेतला.

"पोरी, मी गुना. जेवलीस का?"

पलीकडून रडण्याचा आवाज आला, तो मलाही ऐकू आला.

"न्हाय ना? मंग गाडी काढ नि ये हिकडं. मी भात टाकतंय. तू आली का तूच वाढ, मनाबी नि तुलाबी."